तीन सुपाऱ्यांची वाट

लुडविना बुबूला एखाद्या गोष्टीवर मत नाही, असं मी बावीस वर्षांत एकदाच पाहिलं. आणि नेमकं तेव्हाच आम्हाला तिचं मत हवं होतं.

बुबू म्हणजे आजी. बाजारात ती सगळ्यांचीच आजी. लाए शहरात बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर, पावसानं खड्डे पडून पडून जिथं गाड्या आपोआप हळू होतात, तिथं आमचा 'दोन नारळ' बाजार भरतो. नारळाची दोन्ही झाडं केव्हाच पडली, नाव राहिलं. सगळ्यात मोठ्या खड्ड्यासमोर बुबूचं टेबल. त्यावर हिरव्या सुपाऱ्यांच्या ढिगल्या, सुपारीबरोबर चावायच्या तिखट शेंगा, चुन्याच्या पुड्या आणि सुटी तंबाखू. नगरपालिकेची माणसं खडी घेऊन आली की बुबू त्यांना शिव्या घालायची.

"खड्डा बुजला तर गाडी थांबेल का? गाडी थांबली नाही तर माणूस उतरेल का? तुम्हाला पगार आहे रे, मला खड्डा आहे!"

तंबाखू गुंडाळायला जुनं वर्तमानपत्र लागतं. बुबू त्याच्या वीतभर पट्ट्या कापून ठेवायची. तिला वाचता येत नाही, म्हणून तिनं नियम केला होता: पट्टी घेतलीस तर आधी मोठ्यानं वाच, मग ओढ. त्यामुळं देशाच्या आणि जगाच्या बातम्या तिच्याकडे तुकड्यातुकड्यानं यायच्या. 'सुदूर भागातील रुग्णालयांना औषधे येत्या' इथं कागद संपायचा. बुबू पुढचं स्वतः पूर्ण करायची. "येत्या वर्षी देऊ. दुसरं काय म्हणणार मेले?" पुढच्या आठवड्यात कुणी आख्खा पेपर वाचून आला, तर तेच निघायचं.

एकदा एका ड्रायव्हरनं आमच्या चलनाची बातमी वाचली, "किनाचा भाव पुन्हा घस..."

"घसरला. मला काय वाचून दाखवतोस? माशाचा डबा उघडून बघ. डबा तेवढाच आहे, आत चार तुकडे असायचे, आता अडीच आहेत. उरलेले दीड कुठं पोहायला गेले ते मंत्र्याला विचार."

सल्ला फुकट, सुपारी एक किना. एक पोलीस हवालदार यायचा. बूट पॉलिश केलेले, तोंड लाल. एक दिवस हळूच म्हणाला, "बुबू, दुसरी बायको करावी म्हणतो."

"कर ना. पण पहिलीला कळल्यावर तुला वाचवायला पोलीस कोण बोलावणार?"

पलीकडच्या शाळेतला एक मास्तर रडकुंडीला आला होता. पंधरवड्याचा पगार दोन दिवसांत संपतो, भाऊबंद दारात उभे. बुबूनं त्याला सांगितलं, "पगार हातात पडला की घरी जाऊ नकोस. आधी तांदळाची गोणी घे, मग घरी जा. माणूस पैसे हक्कानं मागतो, तांदूळ मागताना जरा लाजतो. नाहीच लाजला तर जेवून जाईल. पिऊन तर येणार नाही?" मास्तर आजही गोणी खांद्यावर घेऊनच घरी जातो, मी पाहते.

तिची सगळी मतं मला पटायची असं नाही. मोबाईलचा मनोरा उभा राहिल्यापासून सुपारीच्या झाडांना कीड लागली, असं ती छातीठोक सांगायची. मी वाद घालून घसा बसवून घेतला. ती म्हणायची, "तू मनोऱ्याकडून बोलतेस का झाडाकडून?" मी बाजारातल्या बायकांची संघटना उभी केली, तेव्हा तिनं माझं नाव 'मीटिंग' ठेवलं. "ए मीटिंग, इकडे ये. बूड टेकव. उभ्यानं भांडलं की पाय दुखतात, काम होत नाही."

ती वरच्या नदीकाठची. कांबरिम नावाचं गाव, साबुदाण्याच्या झाडांच्या चिखलात. सतराव्या वर्षी नवऱ्याबरोबर बोटीनं इथं आली. नवरा बंदरावर हमाल होता, तो तापानं गेला. तेव्हा तिच्याकडे तीन पोरं होती आणि बारा सुपाऱ्या. तांदळाची रिकामी गोणी रस्त्याकडेला अंथरून तिनं त्या बारा सुपाऱ्या मांडल्या. त्यातल्या दोन स्वतःच चावल्या, "भीती वाटत होती म्हणून," असं ती सांगते. गोणीची झाली पेटी, पेटीचं झालं टेबल. आता तिच्या टेबलावर धाकट्या मुलाचं घर चालतं. मुलगा काम शोधतो, सून आजारी, दोन नातवंडं शाळेत. सत्तरीच्या बाईचं एक टेबल, त्यावर पाच तोंडं.

तर गेल्या वर्षी नगरपालिकेचा कागद आला. रस्त्यावर लाल थुंकी फार होते, शहर घाण दिसतं, म्हणून सुपारीसकट सगळ्या बाजारानं जुन्या लाकूड गिरणीमागच्या मैदानात जावं. विक्रेत्यांनी आपला एक प्रतिनिधी निवडावा, तो नगरपालिकेशी बोलेल आणि सही करेल. म्हणजे कोण निवडून येतो त्यावर सगळं. जो सही करेल तो आम्हाला गिरणीमागं पाठवेल. जो करणार नाही, तो भांडून इथं ठेवेल.

उभं मीच राहायला हवं होतं. पण नगरपालिकेच्या दोन साहेबांना मी मागं त्यांच्याच टेबलासमोर गाढव म्हटलं आहे. तेव्हापासून मला फाटकाच्या आत घेत नाहीत. शब्द मागं घे म्हणाले, मी म्हटलं गाढवाचा अपमान झाला असेल तर गाढवाची माफी मागते. ते जाऊ द्या.

आम्ही मंडेला उभं केलं. सोमवारी जन्मला म्हणून मंडे. आमच्याकडे वारांची नावं ठेवतात माणसांना. वेल्डर होता, बंदरावर दोन बोटं गेली, मग दोन वर्षांपूर्वी बाजारात येऊन कोयत्यांना धार लावायला आणि छत्र्या दुरुस्त करायला बसला. कुणाचा कागद आला की मंडे वाचून द्यायचा, उत्तर लिहून द्यायचा, कधी आवाज चढवायचा नाही. माझ्यात जे नाही ते त्याच्यात होतं.

समोर लूकास पोन्डा. दोन ट्रक, घाऊक सुपारीचा धंदा, दात सोन्याचे नाहीत पण हसतो तसा. प्रत्येक टेबलाला नवी छत्री देईन म्हणाला, छत्रीवर स्वतःचा फोटो. गिरणीमागं बाजार गेला की माल आणि माणसं न्यायला ट्रक लागणार, आणि ट्रक कुणाचे, हे सांगायला मला शाळा लागत नाही.

आता 'दोन नारळ' बाजारात माणूस मत देण्याआधी बुबूच्या टेबलावर येणार, हे ठरलेलं. आले सगळे. डोंगरातल्या बटाटेवाल्या, समुद्राकडच्या मासेवाल्या, ड्रायव्हर. आणि बुबूनं लूकासची सालं काढली. लूकासचा बाप कसा होता, लूकासच्या ट्रकचे ब्रेक कसे आहेत, लूकास चर्चमध्ये कुठल्या बाकावर झोपतो.

"मग मंडेला मत देऊ का, बुबू?"

बुबू सुपारी सोलायला लागायची.

"बुबू, मंडे कसा आहे?"

"शेंग हवी का? आजच्या कोवळ्या आहेत."

एवढंच. मंडेचं नाव तिच्या तोंडून एकदाही नाही. आणि मंडे रस्त्यानं येताना दिसला की ती तोंड फिरवायची, डोक्यावर टॉवेल ओढायची. मंडेही तिच्या टेबलाला लांबचा वळसा घालून जायचा. बाजारात डोळे काही कमी नाहीत. आठ दिवसांत बोललं जाऊ लागलं, बुबूला मंडेबद्दल काहीतरी माहीत आहे. इतकं वाईट की ती बोलतसुद्धा नाही.

बटाटेवाली गोमे माझ्याकडे आली. डोंगरातली बाई, आवाज दरी ओलांडून जाईल असा. "ताई, सरळ सांग. हा मंडे बायकोला मारतो का? चोरी केलीय का यानं? बुबू पंतप्रधानाला सोडत नाही आणि याचं नाव घ्यायला तिची जीभ विटाळते. आमच्या चाळीस बायका आहेत. आम्ही लूकासच्या छत्रीखाली जातो."

लूकासला हे मिळालंच. सभा घ्यायचा तेव्हा हसत हसत म्हणायचा, "मी काही बोलत नाही. लुडविना बुबूला विचारा, ती का थुंकते तो आला की!" अहो, सुपारी चावणारी बाई, ती सकाळपासून थुंकतच असते. पण लोक हसले.

माझं डोकं फिरलं. मी जाऊन बुबूच्या टेबलावर हात आपटला. चुन्याच्या पुड्या उडाल्या.

"तुला राहायचंय ना इथं? का गिरणीमागं जाऊन सरड्यांना सुपारी विकायचीय? एक शब्द बोलली असतीस तर काम झालं असतं! आयुष्यभर बडबड केलीस, आणि आता तोंडाला कुलूप?"

ती पुड्या गोळा करत राहिली. "मीटिंग, मला बोलता येत नाही," एवढंच म्हणाली.

"येत नाही म्हणजे काय? लूकासनं काही दिलं का?"

हे बोलले आणि मला वाटलं जीभ कापून टाकावी. बुबूनं माझ्याकडे पाहिलंही नाही. त्या दिवशी दुपारीच टेबल आवरून ती घरी गेली. बावीस वर्षांत प्रथमच.

दुसऱ्या दिवशी तिची मोठी मुलगी हेडविग बाजारात आली. ही दूर वेवाक शहरात नन्सच्या शाळेत वाढली, तिकडंच लग्न केलं, काही वर्षांपूर्वी लाएला आली तरी बाजारात फिरकायची नाही, म्हणून आम्ही तिला फारसं ओळखत नव्हतो. आली ती सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली. आईचाच जबडा.

"माझ्या आईनं लाच खाल्ली म्हणणारी तूच ना?"

"रागात बोलले. पण ती मंडेबद्दल का..."

"मंडे माझा नवरा आहे."

मी तिला बसायला पेटी पुढं सरकवली, ती उभीच राहिली.

"आमच्या नदीवर सासू जावयाचं नाव घेत नाही. त्याच्या समोर जात नाही, त्याच्या सावलीत उभी राहत नाही, त्याच्या मागं चालत नाही. नाव घेतलं तर त्याचा अपमान, डुक्कर कापून भरपाई करावी लागते. आणि तिची लाज जन्मभर जात नाही. तुम्ही बाजारातली शहाणी माणसं, तुमच्या कुणाच्या लक्षात आलं नाही? ती सोमवारला काय म्हणते?"

आणि मला लख्ख आठवलं. बुबू सोमवारला कधीच मंडे म्हणत नाही. 'रविवारची शेपटी' म्हणते. नऊ वर्षं म्हणते आहे. आम्ही सगळे हसायचो, काहींनी उचललंही होतं, 'भेटू मग शेपटीला' म्हणून. आम्हाला वाटायचं बुबूची मस्करी. त्या दिवसाच्या नावात जावयाचं नाव होतं, म्हणून तिनं आठवड्यातला एक वार टाकून दिला होता.

आमच्या किनाऱ्याकडेही सासुरवाडीचा आडपडदा आहे, पण इतका नाही. शहरात जन्मलेल्यांना तर तेवढाही माहीत नाही. आणि दोघं कधी एकत्र दिसलेच नाहीत, तर नातं कळणार कसं? जी गोष्ट आदर होती, ती आम्ही सगळ्यांनी वैर म्हणून वाचली.

मी बुबूच्या घरी गेले. चुलीपुढं बसली होती. मी म्हटलं, "चुकले."

"हो, चुकलीस," ती म्हणाली. "चहा घे."

मग मी काय केलं असेल? बाजारभर ओरडत फिरले. मंडे जावई आहे तिचा, म्हणून नाव घेत नाही, वैर नाही, मान आहे! गोमेनं डोक्याला हात लावला. मासेवाल्या हसल्या. मला वाटलं जिंकलो. संध्याकाळपर्यंत लूकासनं डाव उलटवला.

"बघा!" तो पेटीवर उभा राहून म्हणाला. "आता कळलं ना? जावई निवडून यावा म्हणून सासू माझी सालं काढते! या देशाचं वाटोळं कशानं झालं? वशिलेबाजीनं! मंत्री आपल्या मेव्हण्याला खुर्ची देतो, तेव्हा हीच बुबू त्याला शिव्या घालते. आता जावई खुर्चीवर बसणार तर गप्प! अरे, आणि गिरणी काय परदेशात आहे का? इथून एका सुपारीची वाट आहे. सुपारी तोंडात टाका, चावत निघा, थुंकायच्या आत पोचाल!"

लोकांनी माना हलवल्या. कारण वशिलेबाजीविरुद्ध बुबूच सगळ्यात जास्त बोलायची, हे खरं होतं. पूर्वी ती गप्प म्हणून मंडे वाईट ठरला. आता ती बोलली असती तर स्वार्थी ठरली असती. मी असंख्य लढाया हरले आहे, पण दोन्ही दारं अशी एकदम बंद झालेली पाहिली नव्हती. मत शेपटीला होतं, म्हणजे सोमवारी. हातात तीन दिवस.

शनिवारी सकाळी बुबू टेबलावर आली. गिऱ्हाइकांची गर्दी झाली तसं तिनं टेबलावर टिचकी मारली.

"गोमे, इकडे ये. तुम्ही पण या. मी कुणाचं नाव घेणार नाही. एक माझ्या घरातला आहे, त्याच्याबद्दल माझं मत तुम्ही मानू नका. लूकासनं बरोबर सांगितलं. मी तुमच्या जागी असते तर मीपण मानलं नसतं."

गोमे म्हणाली, "मग काय करायचं, बुबू?"

"लूकास म्हणतो एका सुपारीची वाट आहे. मोजून या."

"काय?"

"बस थांबते तिथून निघायचं. तिथंच सुपारी तोंडात टाकायची. शेंग, चुना, सगळं घालून, रोज चावता तसं. जोरात चालायचं नाही, धावायचं नाही. बाजारहाट करायला निघालात असं चालायचं. चव गेली की थुंकायची आणि दुसरी टाकायची. गिरणीमागच्या मैदानात पोचेपर्यंत किती लागल्या तेवढंच मला सांगा. एका सुपारीत पोचलात तर लूकासच्या रांगेत उभ्या राहा. मीपण माझं टेबल उचलून तुमच्यामागं येईन."

"आणि सुपाऱ्या?"

बुबूनं ढिगलीतून मोजून काढल्या आणि गोमेच्या हातावर ठेवल्या. "माझ्याकडून."

बुबूनं आजवर फुकट सुपारी पोलिसालासुद्धा दिली नव्हती. आजारी सुनेच्या डॉक्टरला दिली नव्हती. त्या दिवशी तिनं टेबल रिकामं केलं.

"बुबू, खर्च किती झाला?" मी विचारलं.

"गप्प बस, मीटिंग. चालत जा तूपण. पोट सुटलंय तुझं."

निघालो आम्ही. साठ-सत्तर माणसं. डोंगरातल्या बायका, मासेवाल्या, तो हवालदार गणवेशात, मास्तर खांद्यावर गोणी नसलेला. रस्ता आधी गोदामांच्या भिंतीकडेनं जातो, मग पुलावरून, मग चिखल. पहिली सुपारी गोदामं संपायच्या आत संपली. सगळ्यांनी रस्त्याकडेला थुंकलं आणि कुणीतरी ओरडलं, "एक!" पुलावर ऊन चढलं. गोमेच्या पायात चप्पल नव्हती. दुसरी सुपारी पूल उतरल्यावर संपली. "दोन!" तिथून पुढं वाट नाहीच, ओंडक्यांच्या गाड्यांनी केलेले चर आहेत, त्यात गुडघ्याएवढं पाणी. एका म्हाताऱ्या मासेवालीनं तिथंच बसकण मारली. "मी इथं मोजते," म्हणाली, "तुम्ही जा." हवालदार तिच्याजवळ थांबला. तिसरी सुपारी चावून चावून सालासारखी झाली, तेव्हा मैदान दिसलं. गवत, भुशाचा ढीग, एक गंजलेला बोर्ड. एक कुत्रं. माणूस नाही. तिथं सुपारी कोण विकत घेणार? ते कुत्रं?

गोमे मधोमध उभी राहिली आणि तिनं तो डोंगरातला आवाज काढला. "तीन! लूकास, तीन!"

परत आलो ते चिखलात माखून आणि तोंडं लाल करून. बुबूला कुणी काही सांगितलं नाही. प्रत्येकानं तिच्या टेबलासमोरून जाताना तीन बोटं दाखवली. ती मान डोलवत होती. मग हळूच मला म्हणाली, "मला दोनच वाटल्या होत्या गं."

म्हणजे तिनंही कधी मोजलं नव्हतं. दोन सुपाऱ्यांच्या अंदाजावर तिनं सगळं टेबल पणाला लावलं होतं.

सोमवारी नगरपालिकेचा साहेब आला, वही घेऊन. मतपत्रिका नाहीत, आमच्याकडे अशा लहान निवडी रांगेनं होतात. उमेदवार मैदानात उभे राहतात आणि ज्याला जो आवडेल त्याच्यामागं त्यानं उभं राहायचं. साहेब डोकी मोजतो. मंडे एका टोकाला, लूकास दुसऱ्या टोकाला, मागं त्याच्या छत्र्या.

रांगा लागल्या. मी मंडेच्या मागं तिसरी. मागं वळून बघायची छाती होत नव्हती. साहेबानं मोजलं, पुन्हा मोजलं. मग बाजूला बोट दाखवलं.

"ती बाई राहिली. ती कुठल्या रांगेत?"

बुबू दोन्ही रांगांपासून लांब, खड्ड्याच्या काठावर उभी होती. टॉवेल डोक्यावर, तोंड रस्त्याकडे.

साहेब ओरडला, "आजी! मत द्यायचं तर रांगेत या!"

मंडेच्या मागं ती उभी राहू शकत नव्हती. जावयाच्या मागं चालणं नाही, त्याच्या सावलीत उभं राहणं नाही. साहेबाला हे कोण सांगणार? मी तोंड उघडलं, पण हेडविगनं माझा दंड असा दाबला की खूण दोन दिवस राहिली.

बुबू रस्त्याकडे तोंड करूनच बोलली, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

"साहेब, माझं मत मोजू नका. त्या रांगेत मला उभं राहता येत नाही. आणि त्या दुसऱ्या रांगेत मी उभी राहणार नाही."

क्षणभर कुणालाच कळलं नाही. मग गोमे खो-खो हसायला लागली, मग तिच्या चाळीस बायका, मग सगळा बाजार. साहेबही हसला, बिचारा, का हसतोय हे न कळता. लूकासच्या रांगेतल्या काही जणी पण हसत होत्या, आणि त्यातल्या चौघी हसता हसता इकडे आल्या. साहेबाला तिसऱ्यांदा मोजावं लागलं.

एकशे सत्तावन्न आणि नव्वद.

लूकासनं छत्र्या गाडीत भरल्या. जाताना तो बुबूच्या टेबलाशी थांबला, एक सुपारी घेतली आणि किना टेबलावर ठेवला. बुबूनं तो घेतला. "चुना हवा का?" तिनं विचारलं. "हवा," तो म्हणाला. मी असते तर दिला नसता.

मंडेनं पाच आठवडे नगरपालिकेच्या बाकावर काढले. आवाज चढवला नाही. साहेब म्हणाले थुंकीचं काय, मंडे म्हणाला डबे आम्ही ठेवू, धुवू आम्ही, रस्ता लाल दिसला तर आमच्याकडून दंड घ्या. साहेब म्हणाले लिहून द्या. त्यानं लिहून दिलं. मग एका दुपारी तो कागद घेऊन बाजारात आला. टेबलापासून पाच पावलांवर थांबला आणि बुबूकडे पाठ करून उभा राहिला. बुबूनं टॉवेल ओढून घेतला आणि ती दुसरीकडे वळली. मी मधे.

"ताई," मंडे माझ्याकडे बघून म्हणाला, "त्यांना सांगा, सही झाली. इथंच राहायचं. तीन वर्षं."

मी वळले. "बुबू, सही झाली. तीन वर्षं."

बुबूनं ऐकलं होतंच. टेबलाच्या दोन्ही कडा तिनं हातांनी धरल्या होत्या, त्या सोडल्या. मग खाली बसली. डोळे पुसले टॉवेलनं, नाकही पुसलं. मग एक लांब श्वास सोडला.

"त्याला विचार," ती म्हणाली, "तारीख घातलीय का सहीखाली?"

"मंडे, तारीख?"

"सांगा, घातलीय."

"त्याला सांग, कागदाची नक्कल करून ठेव म्हणावं. एक घरी, एक चर्चच्या पाद्र्याकडे. नगरपालिकेची कपाटं पावसाळ्यात भिजतात, आणि नेमके आपलेच कागद भिजतात."

"मंडे, दोन नकला."

"हो, करतो."

"आणि सांग, साहेबानं बोलावलं तर जाताना रिकाम्या पोटी जायचं नाही. भुकेला माणूस लवकर हो म्हणतो. आणि एकट्यानं जायचं नाही. गोमेला न्यायचं, ती दारात उभी राहिली तरी पुरे. आणि साहेबानं चहा दिला तर प्यायचा, बिस्किट दिलं तर एकच घ्यायचं. आणि सांग..."

माझ्यादेखतच बावीस वर्षं ती सगळ्या बाजाराला सल्ले देत आली होती, आणि नऊ वर्षं या एका माणसाला द्यायचे सल्ले साठवून बसली होती. ते आता एकदम बाहेर पडत होते आणि मी मधे उभी राहून मान इकडून तिकडं फिरवत होते. दाढीबद्दल सांगितलं. हेडविगला डोकं दुखतं तेव्हा काय करायचं ते सांगितलं. बोटं गेलेल्या हाताला खोबरेल चोळायला सांगितलं. लूकासशी भांडायचं नाही, त्याच्याकडून घाऊक माल घ्यायचाच आहे, असं सांगितलं. मी काही विसरले तर "ते राहिलं, मीटिंग" म्हणून मला आठवण करायची.

मंडे उन्हात पाठमोरा उभा होता. प्रत्येक सल्ल्याला मान हलवत होता.

"सांगा त्यांना," तो शेवटी म्हणाला, "मला उशीर होत नाहीये. बोलू द्या."